खांबाभोवतीची शर्यत



व्याख्यानमालेत इतिहास म्हटला की गड, लढाया, तह आणि राज्यक्रांत्या यांची अपेक्षा असते, आणि ती रास्तही आहे. आम्ही आज ज्या गोष्टीचा इतिहास सांगणार आहो ती मात्र काखेत मारून नेता येण्यासारखी आहे. विजेच्या मोटारीवर उडणारी आणि बिनतारी लहरींनी चालविली जाणारी छोटी विमाने व त्यांच्या शर्यती हा आमचा विषय आहे. कामगार संघटनेच्या कार्यकर्त्याने पगारवाढ, बोनस आणि कामावरून कमी करणे यांविषयी बोलावे, खेळण्यांच्या भानगडीत कशाला पडावे, असे कोणाच्या मनात आले तर त्याला दोष देता येणार नाही. आमचे उत्तर एवढेच आहे की, ज्या प्रश्नाशी आम्ही कारखान्याच्या दारात रोज झगडतो, तोच प्रश्न या खेळाच्या मध्यभागी उभा आहे. एकाच्या हाती भारी साधन आणि दुसऱ्याच्या हाती हलके, अशी स्थिती असताना त्या दोघांची चढाओढ न्याय्य व्हावयाची कशी? शाळा आम्हाला लवकर सोडावी लागली; पुढे जे शिकलो ते मशीनवर आणि रात्री वाचनालयात. तेव्हा पंडिती भाषेची अपेक्षा ठेवू नये, ही विनंती.

प्रथम ही शर्यत असते कशी ते पाहू. मोकळ्या मैदानावर तीन खांब त्रिकोणात रोवलेले असतात. एफएआय ही विमानोड्डाणाची आंतरराष्ट्रीय संस्था १९०५ साली स्थापन झाली. तिच्या नियमांप्रमाणे दूरचा खांब इतर दोन खांबांपासून १८० मीटरवर असतो आणि त्या दोहोंत ४० मीटर अंतर असते. एक फेरा हिशेबाने ४०० मीटरचा धरतात. असे दहा फेरे घ्यावयाचे, म्हणजे ४ किलोमीटर झाले. विजेवरच्या विमानांसाठी या शर्यतीचा स्वतंत्र वर्ग आहे, आणि त्यातले पटाईत लोक हे अंतर मिनिटाच्या आसपास कापतात. मिनिटाला चार किलोमीटर म्हणजे ताशी २४० झाले. साध्या क्लबांच्या शर्यतींत अंतरे आणि वेग पुष्कळच कमी असतात, पण रचना हीच.

या रचनेतील एक बारकावा ध्यानात घेण्यासारखा आहे. विमान चालविणारा जमिनीवर उभा असतो. आपले विमान दूरच्या खांबापलीकडे गेले की अलीकडेच वळले, हे त्याला त्याच्या जागेवरून नेमके कळत नाही. अलीकडून वळले तर दंड बसतो, आणि फार पुढे जाऊन वळले तर वेळ फुकट जातो. म्हणून खांबाच्या रेषेवर पंच नेमलेले असतात. विमानाने रेषा ओलांडली की ते दिव्याने किंवा निशाणाने खूण करतात, आणि चालविणाऱ्याच्या खांद्याशी उभा असलेला मदतनीस ती खूण पाहून त्याला वळावयास सांगतो. बक्षीस एकाच्या नावे लागत असले तरी एकट्याच्या डोळ्यांनी ही शर्यत जिंकता येत नाही. कारखान्यात क्रेनवाल्याला खाली उभा असलेला खलाशी हाताच्या खुणांनी भार कोठे न्यावयाचा ते सांगतो. ज्यांनी ते दृश्य पाहिले आहे त्यांना हे नाते समजावून सांगण्याची गरज नाही.

आता मुळाकडे जाऊ. छोट्या विमानाची कूळकथा लेस विणणाऱ्या गिरणीत सुरू होते, ही गोष्ट आम्हाला मोठी अर्थपूर्ण वाटते. इंग्लंडात नॉटिंगहॅमच्या आसपास १८११ पासून लडाइट कामगारांनी यंत्रे फोडण्याची चळवळ केली. १८१६ मध्ये लफबरो येथील जॉन हीथकोटचा लेसचा कारखाना फोडला गेला, तेव्हा त्याने आपला धंदा उचलून नैऋत्येकडे डेव्हन परगण्यात टिव्हर्टनला नेला. लेसच्या धंद्याला या भागात बळ आले, आणि शेजारच्या सॉमरसेट परगण्यातील चार्ड हे गाव लेसचे केंद्र बनले. तेथे जॉन स्ट्रिंगफेलो नावाचा कारागीर लेसच्या यंत्रांचे बॉबिन आणि त्यांचे वाहक बनवीत असे. बॉबिनच्या कामात हलकेपणा आणि अचूकपणा लागतो, आणि त्या कामात मुरलेल्या हातांनी त्याने हलके वाफेचे इंजिन घडविले. विल्यम हेन्सन या सोबत्याने १८४२ मध्ये वाफेच्या विमानाचे पेटंट मागितले होते. त्याची कंपनी काही उभी राहिली नाही आणि तो अमेरिकेस निघून गेला. स्ट्रिंगफेलोने मात्र काम चालू ठेवले. १८४८ मध्ये चार्ड येथील एका रिकाम्या लेस गिरणीत त्याने सुमारे दहा फूट पंखांचे, वाफेवर चालणारे आणि माणूस नसलेले विमान तारेवरून सोडले. ते तारेवरून सुटल्यावर स्वतःच्या बळावर उडाले, असे त्याच्या बाजूचे लोक सांगतात. ती केवळ घसरण होती, असे शंकेखोर म्हणतात. त्या वादात शिरण्याचे आम्हाला कारण नाही. इंजिनाच्या कौशल्याविषयी वाद नव्हता. १८६८ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील प्रदर्शनात त्याच्या हलक्या इंजिनाला १०० पौंडांचे बक्षीस मिळाले.

पुढचे पाऊल फ्रान्समध्ये पडले. आल्फोन्स पेनो या तरुणाने १८७१ मध्ये पॅरिसच्या त्वीलरी उद्यानात पीळ दिलेल्या रबरावर चालणारे छोटे विमान लोकांसमक्ष उडविले. ते सुमारे चाळीस मीटर गेले. शेपटीकडील आडव्या पात्याने विमानाचा तोल आपोआप कसा सांभाळला जातो, हे त्याने त्यात दाखवून दिले. पेनोला मोठे विमान बांधावयाचे होते, पण त्यासाठी कोणाचे पाठबळ मिळाले नाही. १८८० मध्ये, वयाच्या अवघ्या तिसाव्या वर्षी, त्याने आत्महत्या केली. त्याच्याच कल्पनेवरचे रबराने उडणारे एक खेळणे १८७८ मध्ये अमेरिकेतील एका पाद्र्याने आपल्या दोन मुलांसाठी घरी आणले. ती मुले म्हणजे विल्बर आणि ऑर्व्हिल राइट. खेळण्याला हसणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे.

खांबाभोवती शर्यत लावण्याची कल्पना मात्र खऱ्या विमानांकडून आली. १९०९ च्या ऑगस्टमध्ये फ्रान्सातील रॅंस येथे विमानांचा पहिला मोठा आंतरराष्ट्रीय मेळावा भरला. मैदानात मनोरे रोवून दहा किलोमीटरचा मार्ग आखला होता. गॉर्डन बेनेट चषकासाठी त्याचे दोन फेरे घ्यावयाचे होते. महिन्यापूर्वीच इंग्लिश खाडी ओलांडून आलेला ब्लेरिओ हा घरचा वीर होता. पण जिंकला तो ग्लेन कर्टिस हा अमेरिकन, जो मूळचा सायकली व मोटारसायकली बनविणारा. त्याचा वेग ताशी ७५ किलोमीटरच्या आसपास होता, आणि वीस किलोमीटरांच्या अंती दोघांत सहा सेकंदांचाही फरक पडला नाही. त्या दिवशी एक गोष्ट सिद्ध झाली. खांबाभोवतीच्या शर्यतीत नुसती ताकद पुरत नाही. वळण कोण जवळून आणि वेग न घालविता घेतो, याला मोल येते.

तथापि ताकदीचा मोह सुटत नाही. अमेरिकेत क्लीव्हलंड येथील राष्ट्रीय शर्यतींत दुसऱ्या महायुद्धानंतर लढाऊ विमाने उतरली. पैसेवाल्यांनी सैन्यातून मोडीत निघालेली विमाने घेतली आणि त्यांची इंजिने फुगविली. सप्टेंबर १९४९ मध्ये बिल ओडम या वैमानिकाचे असे विमान बेरिया गावातील एका घरावर कोसळले. तो स्वतः तर गेलाच, पण घरातली एक आई आणि तिचे तान्हे मूलही गेले. शर्यतीशी त्यांचा काही संबंध नव्हता. क्लीव्हलंडच्या त्या शर्यती तेथेच थांबल्या. याच मेळाव्यात १९४७ पासून गुडइयर चषकाची दुसरी एक शर्यत सुरू झाली होती. तिच्यात इंजिनाचे आकारमान १९० घन इंच, म्हणजे सुमारे ३.१ लिटर, एवढ्यावर बांधून दिले होते. घरच्या गॅरेजात विमान बांधणाऱ्यालाही तिच्यात उतरता यावे, हा तिचा हेतू. इंजिनाला मर्यादा घातल्याबरोबर पैशाचे वजन उतरले आणि बांधणाऱ्याच्या हाताला व चालविणाऱ्याच्या डोळ्याला किंमत आली. छोट्या विमानांच्या शर्यतींनी पुढे नमुना म्हणून घेतली ती ही गुडइयर जातीची विमाने. तेव्हा मर्यादेचे तत्त्व या खेळाच्या रक्तातच आहे, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

आता बिनतारी नियंत्रणाकडे वळू. १८९८ मध्ये निकोला टेस्लाने न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये तारेशिवाय चालणारी छोटी होडी दाखविली आणि त्याच वर्षी तिचे पेटंट घेतले. विमानात ते तंत्र बसावयास चाळीस वर्षे लागली, कारण त्या वेळची निर्वात नळ्यांची यंत्रे आणि त्यांच्या बॅटऱ्या जड असत. १९३७ मध्ये अमेरिकेत मिशिगन राज्यातील कॅलामाझू गावी वॉल्टर व विल्यम गुड या जुळ्या भावांनी, विद्यार्थी असतानाच, आपले बिनतारी विमान उडविले, आणि १९३८ मध्ये ते राष्ट्रीय स्पर्धेत पहिले आले. ते विमान आज स्मिथसोनियन संग्रहालयाकडे आहे.

हे साल आम्हाला आणखी एका कारणासाठी आठवते. १९३८ मध्येच अमेरिकेत कामाच्या तासांचा राष्ट्रीय कायदा झाला आणि त्यातून १९४० पर्यंत आठवड्याला चाळीस तासांची मर्यादा आली. त्याच १९३८ मध्ये इंग्लंडात पगारी रजेचा कायदा झाला. दोन्ही गोष्टींचा कार्यकारणसंबंध जोडण्याचा आमचा आग्रह नाही. पण छंदाचे क्लब कोठे वाढतात ते पाहावे. ज्याला शनिवारी दुपारी गिरणीतून सुटी मिळते, तोच संध्याकाळी मैदानावर उभा राहू शकतो. इंग्लंडात ही शनिवार दुपारची सुटी १८५० च्या कायद्याने प्रथम बायका व अल्पवयीन कामगारांना मिळाली आणि नंतर सर्वत्र पसरली. आमच्या मुंबईत तर आठवड्याचा एक दिवसही सुटीचा नव्हता. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या, हजारो सह्या गोळा केल्या, तेव्हा कुठे १० जून १८९० रोजी मालकांनी रविवारची सुटी मान्य केली. आज रविवारी मैदानावर पतंग, क्रिकेट किंवा विमान उडविणाऱ्या कोणालाही हा दिवस आकाशातून पडलेला वाटत असेल. तो सह्यांनी आणि सभांनी मिळविलेला आहे.

बिनतारी विमानाचा दुसरा वारसाही लपवून चालणार नाही. रेजिनाल्ड डेनी हा इंग्रज नट हॉलिवूडमध्ये छोट्या विमानांचे दुकान चालवीत असे. त्याच्या रेडिओप्लेन कंपनीने दुसऱ्या महायुद्धात तोफांच्या सरावासाठी लक्ष्य म्हणून वापरावयाची सुमारे पंधरा हजार बिनतारी विमाने अमेरिकन सैन्याला पुरविली. त्या कारखान्यात नॉर्मा जीन डॉहर्टी नावाची एक तरुण कामगार होती. १९४५ मध्ये एका सैनिकी छायाचित्रकाराने कामावर असताना तिचे छायाचित्र घेतले, आणि पुढे ती मेरिलिन मन्रो म्हणून जगाला माहीत झाली. तिचे नाव सर्वांना ठाऊक आहे. तिच्या शेजारी उभे राहून तेच काम करणाऱ्या बाकीच्या बायकांची नावे कोणी विचारली नाहीत. तेव्हा जे छंदातून निघाले ते युद्धात गेले. आजही छोट्या विमानांत वापरतात तशाच विजेच्या मोटारी आणि तशाच लिथियमच्या बॅटऱ्या युक्रेनच्या रणांगणावर बॉम्ब घेऊन उडत आहेत. साधन निरागस नसते आणि पापीही नसते. ते कोणाच्या हाती आणि कोणत्या नियमाखाली आहे, यावर सारे अवलंबून असते.

आता विजेच्या मोटारीचा प्रवेश. पहिली अनेक वर्षे छोटी विमाने इंधनाच्या इंजिनांवर उडत. त्यांचा कर्कश आवाज मैलभर जाई. शहरे वाढली, मैदानांच्या कडेला घरे आली, आणि तक्रारी सुरू झाल्या. ब्रिटनमध्ये १९८२ साली छोट्या विमानांच्या आवाजाविषयी सरकारी संहिता निघाली. तीत सात मीटरवरून मोजलेला आवाज ८२ डेसिबलच्या वर जाऊ नये, असे सांगितले होते. ज्या क्लबाचे मैदान गेले, त्याचा खेळच गेला. म्हणून मुकाट्याने उडणारे विमान ही चैन न राहता गरज बनली.

पण वजनाचे गणित आडवे येत होते. एक किलो पेट्रोलमध्ये सुमारे १२,००० वॅट-तास ऊर्जा असते. इंजिन तिच्यातला बराच भाग उष्णतेत घालविते हे खरे, तरी उरते ते पुष्कळ. उलट एक किलो निकेल-कॅडमियम घटांत ४० ते ६० वॅट-तास मावतात. एवढ्या दारिद्र्यात उडावयाचे कसे? ३० जून १९५७ रोजी इंग्लंडात कर्नल एच. जे. टॅप्लिन यांनी चांदी-जस्ताच्या महागड्या घटांवर 'रेडिओ क्वीन' नावाचे विमान उडवून दाखविले. बिनतारी नियंत्रणाखालील विजेच्या विमानाचे ते पहिले नोंदलेले उड्डाण होय. त्याच वर्षी जर्मनीत फ्रेड मिलिट्की यांनी नियंत्रणाशिवाय मोकळे उडणारे विजेचे विमान साधले. १९६० मध्ये ग्राउप्नर या खेळणी बनविणाऱ्या कंपनीने त्यांचे 'सिलेंटियस' विमान बाजारात आणले. नावातच शांतता होती. पुढे याच मिलिट्कींच्या योजनेतून २१ ऑक्टोबर १९७३ रोजी ऑस्ट्रियातील वेल्स येथे माणसाला घेऊन विजेवर उडणारे विमान सुमारे दहा मिनिटे आकाशात राहिले. त्याच्या घटांत निकेल आणि कॅडमियमच होते. पेनोच्या खेळण्याने राइट बंधूंना जी दिशा दाखविली तीच गोष्ट येथे पुन्हा घडली. खेळणे पुढे गेले आणि मोठे विमान मागून आले.

येथून आम्ही आमच्या मुख्य मुद्द्यावर येतो. १९९० च्या दशकात युरोपातील क्लबांत एका अगदी सामान्य मोटारीभोवती शर्यती सुरू झाल्या. ग्राउप्नर ती 'स्पीड ४००' या नावाने विकत असे. मूळ घडण जपानच्या माबुची कंपनीची. ही कंपनी १९५४ मध्ये खेळण्यांच्या मोटारींसाठीच स्थापन झाली होती. पत्र्याच्या डब्यात बंद केलेली, साधे फेराइट चुंबक असलेली, बेअरिंगऐवजी साध्या बुशवर फिरणारी आणि वजनाने सुमारे सत्तर ग्रॅम, अशी ती वस्तू. तिचे कार्बन ब्रश झिजले की बदलता येत नसत. मोटार टाकूनच द्यावी लागे. १९८० च्या दशकात निओडिमियमचे जोरकस चुंबक निघाले होते, आणि त्यांच्या मोटारी कितीतरी पटींनी ताकदवान होत्या. पण त्या महाग होत्या. क्लबांनी ठरविले की महाग मोटार नको. सर्वांनी हीच डबा-मोटार लावावयाची, ती उघडावयाची नाही, आणि घट सात.

हिशेब करून पाहा. एका घटाचा दाब १.२ व्होल्ट, म्हणजे सातांचा ८.४. मोटारीने दहा अँपिअर ओढले तर ८४ वॅट झाले. साठ-सत्तर वॅटचा घरचा पंखा आपण रात्रभर चालवितो. तेवढ्याहून थोड्याच अधिक शक्तीवर हे विमान खांब ओलांडीत असे. अर्ध्या अँपिअर-तासाचे घट या दराने तीन मिनिटांत संपतात. तीन मिनिटांची शिदोरी सर्वांना सारखीच. आता पुढे जावयाचे तर पंखाचा छेद घासून नीट करा, पृष्ठभाग गुळगुळीत ठेवा, बाल्साच्या लाकडातून दोन ग्रॅम कमी करा, आणि वळण खांबाला लगटून घ्या. पैशाने विकत घेता येण्यासारखे त्यात थोडेच होते. जे होते ते संध्याकाळी बसून करावयाचे होते.

आम्हाला हा नियम वाचताना आमचे करार आठवतात. किमान वेतन ठरविले की मालकामालकांची चढाओढ थांबत नाही. फक्त कामगाराचे पोट कापून स्वस्त माल देण्याची वाट बंद होते, आणि मग मालकाला चांगले यंत्र, चांगली रचना आणि कमी नासाडी यांवर चढाओढ करावी लागते. मोटार बांधून दिली म्हणून शर्यत निस्तेज झाली नाही. ती योग्य जागी हलली.

पण नियम केला म्हणजे तो पाळला गेला असे नव्हे, हेही आम्ही करारांवरूनच शिकलो. एकाच साच्यातून निघालेल्या मोटारी तंतोतंत सारख्या नसतात. ज्याच्या खिशात पैसे होते तो दहा मोटारी आणून मोजमाप करी, त्यातली सर्वांत तेज निवडी आणि बाकीच्या फळीवर ठेवी. ब्रश अगोदर हळूहळू बसवून घेण्याच्या युक्त्या निघाल्या. म्हणून ठरीव मोटारीच्या शर्यतींत निरनिराळे उपाय पुढे आले. बिनतारी मोटारगाड्यांच्या शर्यतींत तर काही ठिकाणी आयोजकच मोटारी हातात देऊ लागले. कोणती मोटार कोणाला यावी हे खिशावर अवलंबून राहू नये, हा त्याचा अर्थ. कागदावरची समता आणि मैदानावरची समता यांतले अंतर कोणी तरी रोज उभे राहून भरून काढावे लागते. कारखान्यात ते काम युनियनचा प्रतिनिधी करतो. मैदानावर पंच करतात, आणि तेही बहुधा बिनपगारी.

एकविसावे शतक लागले आणि पाया हलला. लिथियम-आयन घट सोनी कंपनीने १९९१ मध्ये बाजारात आणले होते. त्यांच्याच कुळातील लिथियम-पॉलिमर बॅटऱ्या आता छोट्या विमानांत आल्या. निकेल-कॅडमियमच्या तिपटीच्या घरात ऊर्जा त्याच वजनात मावू लागली. सोबत ब्रश नसलेल्या मोटारी स्वस्त झाल्या. ठिणगी नाही, घर्षण नाही, झीज नाही. साध्या डबा-मोटारीचे दिवस संपले. वेग इतके वाढले की मर्यादेचा प्रश्न नव्या रूपाने उभा राहिला. मोटार बांधून द्यावी तर बाजारात रोज नवी मोटार येते. तेव्हा आंतरराष्ट्रीय नियमांनी दुसरी वाट काढली. मोटार कोणतीही लावा, पण शर्यतीत एकूण ऊर्जा ठरावीक मापापेक्षा अधिक वापरावयाची नाही, आणि ते मोजणारे छोटे उपकरण विमानातच बसवावयाचे. नियम वस्तूवरून हलला आणि वापरावर आला. आम्हाला ही मोठी शहाणी सुधारणा वाटते. तथापि तिच्यासाठी मोजणारे उपकरण लागते आणि अव्वल दर्जाची मोटारही लागते. न्याय अधिक सूक्ष्म झाला, आणि त्याचबरोबर दारातून आत येण्याची फी वाढली. म्हणून गावोगावच्या क्लबांत आजही 'अमुकच मोटार, अमुकच बॅटरी' असे स्वस्त वर्ग टिकून आहेत. ते टिकले पाहिजेत.

येथवर आम्ही मैदानावरील न्यायाविषयी बोललो. मैदानाबाहेरच्या माणसाविषयी बोललो नाही तर आमच्या पेशाशी बेइमानी होईल. हे घट बनविले कोणी? निकेल-कॅडमियम घटाचा शोध स्वीडनमध्ये १८९९ मध्ये वाल्डेमार युंग्नर यांनी लावला. त्याच स्वीडनमधील अशा घटांच्या कारखान्यातील कामगारांची तपासणी करून लार्स फ्रिबर्ग या डॉक्टरांनी १९५० मध्ये दाखवून दिले की, कॅडमियमची धूळ श्वासात गेल्याने त्यांची मूत्रपिंडे आणि फुप्फुसे खराब झाली आहेत. पुढे युरोपने बहुतेक घरगुती वापराच्या बॅटऱ्यांतून कॅडमियम काढून टाकले. त्याची जागा घेणाऱ्या लिथियम घटांपैकी पुष्कळांत कोबाल्ट असते. जगातील निम्म्याहून अधिक कोबाल्ट काँगोच्या खाणींतून येते, आणि त्यातले काही हाताने खणणाऱ्या, कसलेही संरक्षण नसलेल्या माणसांनी काढलेले असते. आकाशात उडणारे विमान आवाज करीत नाही. पण त्याचा आवाज जगाच्या दुसऱ्या टोकाला कोणाच्या तरी छातीत होत असतो. छंद सोडून द्या असे आमचे सांगणे नाही. ज्याने मोटारीला मर्यादा घालून चढाओढ न्याय्य केली, त्या माणसाने तोच विचार बॅटरीपर्यंत नेला पाहिजे, एवढेच आम्ही म्हणतो.

आमच्याकडे काय आहे? राष्ट्रीय छात्रसेनेच्या हवाई विभागात छोटी विमाने बनविण्याचे व उडविण्याचे शिक्षण देतात, आणि आपल्या मुलांपैकी अनेकांच्या हाती बाल्साची पहिली फळी तेथेच आली आहे. इंजिनिअरिंग कॉलेजांतून आता विजेची विमाने बनविण्याच्या स्पर्धा होतात. परंतु इंग्लंड-जर्मनीच्या गावांत दिसते तसे क्लब, जेथे फिटर, शिक्षक, टपालवाला आणि डॉक्टर एकाच मैदानावर एकाच मोटारीने झुंजतात, ते आमच्याकडे फार थोडे. कौशल्य नाही म्हणून असे झाले आहे काय? आमच्या टूलरूममधील माणूस मिलिमीटरच्या शंभराव्या भागात काम करतो. बॉबिन बनविणाऱ्या स्ट्रिंगफेलोच्या हातापेक्षा त्याचा हात उणा नाही. उणे आहे ते दुसरेच. दोन तास बसने जाऊन, आठ तासांच्या नावाखाली बारा तास उभे राहून, कंत्राटावर उद्याची खात्री नसलेला माणूस रविवारी झोपतो. त्याला झोपू द्यावे. जेव्हा त्याला अर्धा शनिवार मोकळा मिळेल, वस्तीच्या कडेला बिल्डराने न गिळलेले मैदान मिळेल, आणि पगारातून सत्तर ग्रॅमची मोटार घेण्याइतके उरेल, तेव्हा तो काय उडवील ते पाहावे.

मशीनवर असताना आम्ही स्टॉपवॉच पाहिले ते कामाचा दर कापणाऱ्याच्या हातात. तो मागे उभा राहून आमचे सेकंद मोजीत असे, आणि वाचविलेला प्रत्येक सेकंद मालकाच्या वहीत जमा होई. खांबाभोवतीच्या शर्यतीतही तेच घड्याळ असते. पण तेथे सेकंद वाचविणारा माणूस आपल्या मर्जीने आलेला असतो, नियम सर्वांनी मिळून ठरविलेले असतात, साधन सर्वांचे सारखे असते, आणि वाचविलेला सेकंद ज्याचा त्याच्याच नावावर लिहिला जातो. घड्याळ एकच, फरक पडला तो एवढ्या चार गोष्टींनी. त्या चारही गोष्टी कारखान्याच्या दारातून आत नेता येतील काय, हा प्रश्न आपल्यापुढे ठेवून आम्ही आपली रजा घेतो.